म्हातारीचं पोतं

ज्या ओट्यावर मला शिवणाचं मशीन मांडायला जागा मिळाली, तिथं माझ्या आधीपासून एक मांजर राहत होतं. ओटा किराणा दुकानाचा. डावीकडे गुळाच्या ढेपा, उजवीकडे मिठाचं पोतं, आणि मधे, उंबऱ्याला लागून, अंबाडीच्या गोणपाटाचा हातभर तुकडा. तो इतका मळलेला होता की त्याचा मूळ रंग कुणाला सांगता आला नसता. त्यावर ती बसायची. पांढरी, डाव्या कानाचं टोक तुटलेली, पुढचे दात पडलेली. घरात तिला म्हातारी म्हणायचे. दुकानाच्या मालकांना सारं घाटनांदूर गाव आप्पा म्हणायचं. ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मशीन कुठंबी मांड. फकस्त म्हातारीची जागा सोड. ती हितली थोरली हाय."

मी तिची जागा सोडून मशीन मांडलं. त्यांनी समोरच्या लिंबाखाली मांड म्हटलं असतं तरी मांडलं असतं.

मी कृष्णाकाठचा, घरी पिढीजात शिंपीकाम. चौथीत होतो तेव्हा वडिलांची नजर अधू झाली आणि त्यांना सुईत दोरा ओवता येईना. सुरुवातीला मी शाळेत जाण्याआधी दहा-बारा सुया ओवून उशीत टोचून ठेवायचो. पुढं त्या दुपारच्या आतच संपायला लागल्या. मग एक दिवस मी शाळेत गेलो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मास्तरांना सांगायला जायचंही राहून गेलं. विशीत आलो तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, मोगलाईत चल, तिकडं मशीनवाले शिंपी थोडे आणि कचेरीतल्या लोकांना शेरवान्या लागतात. निजामाच्या मुलखाला आमच्याकडे मोगलाई म्हणायचे. बार्शीपर्यंत रेल्वे, पुढं बैलगाडी. महिनाभरात भावाला हिवताप धरला आणि तो परत गेला. मशीन मागं राहिलं, आणि मशीनबरोबर मी.

आप्पा आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना मी आक्का म्हणायचो, लिंगायत वाणी. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि बोलणं असं की पहिले काही दिवस मला निम्मंच कळायचं. "कावून बसलास असा?" असं आक्कांनी विचारलं की मी घाबरून उठून उभा राहायचो. पुढं कळलं, का म्हणायच्या ऐवजी हे लोक कावून म्हणतात, त्यात राग नसतो. त्या घरात मूलबाळ नव्हतं. दोन्ही वेळच्या भाकरीला मी त्यांच्याकडेच. जागेचं भाडं विचारलं तर आप्पांनी हातानं माशी उडवावी तसं केलं. मी संकोचानं एकच भाकर खाऊन हात धुवायचो. पोट भरलेलं नसायचं, पण दुसरी मागायचा धीर नव्हता. आक्का म्हणायच्या, "आमच्या हातची चव न्हाई का रे तुला?" मी म्हणायचो, झालं, लई झालं. सकाळी डोळे उघडले की माझा पहिला विचार असायचा, आज माझ्या हातून असं काय घडेल की हे लोक मला जा म्हणतील.

शाळूची खळी उरकली, दुकानात नवी पोती आली, आणि पोत्यांमागोमाग उंदीर आले. त्या वर्षांत उंदीर म्हटलं की माणसांचं काळीज हलायचं, कारण गाठीच्या तापानं, प्लेगनं, आजूबाजूची गावं रानात जाऊन राहिलेली सगळ्यांनी पाहिली होती. आमचे उंदीर चांगले धट्टेकट्टे होते, मरायचं नाव नव्हतं, तेवढंच समाधान. म्हातारीनं एके काळी दुकान राखलं होतं म्हणे. आता तिच्यासमोरून उंदीर गेला तर ती मान वळवून त्याला पाहायची आणि पुन्हा डोळे मिटायची.

एका सकाळी मोमिनाबादच्या कचेरीतल्या एका पेशकाराची शेरवानी उचलली तर घेराला वीतभर भोक. उरलेल्या कापडातून आतून तुकडा लावला, शिवण दिसू नये म्हणून दोन दिवस हातानं टाके घातले, आणि तो गृहस्थ आला तेव्हा खरं ते सांगून टाकलं. त्यानं घेर उलटसुलट करून पाहिला आणि हसला. "अरे मियाँ, चूहों कू बी शेरवानी का शौक हो गया?" एवढंच म्हणाला आणि अंगात घालून गेला. तो हसला, पण पुढचा हसेल कशावरून? दुकानात दुसरं मांजर पाहिजे हे मला त्याच दिवशी पटलं. आक्कांना विचारायला मात्र तीन दिवस गेले.

आक्का सुपात हुलगे पाखडत होत्या. मी मशीनवरूनच, मान खाली घालून बोललो. त्यांचं सूप थांबलं.

"माझ्या म्हातारीवर सवत आणतूस व्हय?"

आतून आप्पांचा आवाज आला, "आन की रे. दोगी येका घरात कशा नांदतेत ते मलाबी येकदा बगू दे."

"तुमी गूळ फोडा," आक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आन. पर मी सांगंल तसं करायचं. अन् त्या नव्या पायी माझ्या म्हातारीला घर सोडायची पाळी आली, तर मंग बग..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी दिवसभर ते मनातल्या मनात पुरं करत बसलो, आणि दर वेळी त्याचा शेवट बैलगाडीत मशीन चढवण्यात व्हायचा.

मागच्या गल्लीत तेलिणीकडे चार महिन्यांचं पिल्लू होतं, तपकिरी पट्ट्यांचं, मादी. मांजर फुकट नेऊ नये असं तिकडे मानतात, म्हणून आक्कांनी ओंजळभर मीठ दिलं. पिल्लू पोत्यात घालून, तोंड बांधून, मुद्दाम तीन गल्ल्यांचा वळसा घेऊन मी आलो, म्हणजे त्याला परतीची वाट कळू नये. ओट्यावर पाऊल ठेवलं तर म्हातारी गोणपाटावर नीट उठून बसलेली. पोतं हललं. तिनं एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा मला पाहिलं.

"हितं सोडू नगंस," आक्का आतून धावत आल्या. "येडा का काय तू? नवी म्हैस आनली की आपन तिला येकदम दावणीला बांदतो का? आदी कुडाच्या पल्याड. हंबरू दे, वास लागू दे. मंग दावण."

पिल्लाची रवानगी मागच्या कोठीच्या खोलीत झाली. त्या खोलीच्या फळ्यांच्या दाराला खाली तीन बोटांची फट होती. आक्कांची रीत अशी, की म्हातारीचं दुधाचं वाडगं पहिल्या दिवशी दारापासून दहा हातांवर ठेवायचं, पुढं रोज एकेक हात जवळ. फिस्कारली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच ठेवायचं, पुढं न्यायचं नाही. एका फडक्यानं पिल्लाचे गाल पुसायचे आणि ते फडकं म्हातारीच्या वाडग्याखाली घालायचं. दुसऱ्या फडक्यानं म्हातारीचे गाल पुसून ते आत टाकायचं. हे मला गमतीचं वाटायचं. हात मोजून वाडगं ठेवायचं काम मी मन लावून करायचो, कारण मोजमाप मला समजत होतं. फडक्याचं काय चाललंय ते समजत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

आठवड्याभरात वाडगं दारापासून चार हातांवर आलं. फटीतून तपकिरी पंजा बाहेर यायचा, इकडं तिकडं चाचपायचा. म्हातारी फिस्कारायची, तो पंजा आत जायचा, मग ती पुन्हा दुधाला तोंड लावायची. आक्का म्हणाल्या, "आजून आट दिवस. घाई न्हाई."

घाई मला होती. पिल्लू आत रडायचं ते मला मशीनच्या आवाजातही ऐकू यायचं. भर दुपारी म्हातारी उन्हाला माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या धाब्यावर, जायची, तेवढी घटकाभर पिल्लाला बाहेर काढायची मुभा आक्कांनी दिली होती. मी त्याला मशीनशेजारी, कातरणांच्या ढिगात सोडायचो. शिंप्याकडे कातरण कधी फेकत नाहीत. बोटभर चिंधीही कुठंतरी लागते. त्या ढिगात ते रोज झोपायचं, गरगरीत गोळा होऊन. आणि त्याच ढिगाकडे पाहून मला ती युक्ती सुचली.

म्हातारीची समजूत घालायला काहीतरी करावं, असं माझ्या मनात होतं. मी तिच्या घरात आणखी एक तोंड आणलं होतं, आणि ती बिचारी त्या सडक्या गोणपाटावर बसत होती. मी शिंपी. मला दुसरं काय येतं? शेरवानीच्या काळ्या कापडाचा उरलेला तुकडा काढला, आत कातरणं ठासून भरली, मधे टाचण्या टाचून टाके घातले, चारी बाजूंनी लाल गोट लावला. हातभर लांब, हातभर रुंद. इतकी सुबक गादी मी माणसांसाठीही शिवली नव्हती. आक्का त्या दुपारी महादेवाला गेल्या होत्या. मी गोणपाट उचललं, कात्रीनं त्याचे दोन तुकडे केले. एक न्हाणीच्या चुलीत घातला. दुसरा चार पदरी घडी करून मशीनच्या डगमगणाऱ्या पायाखाली सारला, कारण तिथली शहाबादी फरशी उखडलेली होती. मग उंबऱ्यापाशी लाल गोटाची गादी मांडली आणि म्हातारीची वाट पाहत बसलो.

ती माळवदावरून उतरली, नेहमीसारखी संथ, आपल्या जागेकडे बघतही नव्हती, सवयीनं येत होती. गादीवर पुढचा एक पाय ठेवला आणि तो तव्यावर पडल्यासारखा उचलला. वाकून वास घेतला. तिच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत उभे राहिले. नंतर तिच्या गळ्यातून जो आवाज आला तसा मी तिचा कधी ऐकला नव्हता. ती मागं मागं सरकत ओट्याच्या कडेपर्यंत गेली, खाली उडी मारली आणि लिंबापलीकडे दिसेनाशी झाली.

आक्का परत आल्या. "ही कुनी शिवली?"

"मी."

"लई झाक झाली रे." त्यांनी गोटावरून बोट फिरवलं. "अन् तिचं पोतं?"

"ठेवलंय," मी म्हणालो.

खोटं म्हणावं तर अर्धं खरं होतं. अर्ध्या तुकड्याएवढं.

संध्याकाळी दुधाला म्हातारी आली नाही. सकाळीही आली नाही. आक्कांनी वाडगं भरून ठेवलं, दुपारी त्यात माशा पडल्या तेव्हा ओतून दिलं आणि पुन्हा भरून ठेवलं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पूजा झाल्यावर विभूतीचं बोट त्या रोज म्हातारीच्या कपाळाला टेकवायच्या. त्या दिवशी ते बोट तसंच पदराला पुसलेलं मी पाहिलं.

मी गाव पालथं घातलं. कडब्याच्या गंजी, महादेवाच्या देवळामागचा ओढा, धोब्याचा गोठा. मांजरीला काय म्हणून हाक मारायची? मी "म्हातारी, ए म्हातारी" करत फिरायचो आणि दारादारांतल्या म्हाताऱ्या वैतागून बाहेर यायच्या. चावडीपाशी एक शेतकरी बसला होता, माझ्याकडे नेहमी बंड्या शिवून न्यायचा. तो ओरडला, "काय बे शिंप्या, मांजरीचं माप चुकलं मन्ते? सदरा आखूड झाला मनून रुसली का?" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. "बगतो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशीही तेच. ताटावर बसलो की नजर रिकाम्या उंबऱ्याकडे जायची. समोर आक्का अर्धी भाकर मोडून बसलेल्या, त्यांचंही जेवण होत नव्हतं. मी एक भाकर गिळून उठायचो. "चव न्हाई का रे" असं त्या दोन दिवसांत त्यांनी विचारलं नाही. वळकटीचा दोर मी काढून पाहून ठेवला. मशीनला गाडी कुणाची मिळेल तेही मनाशी ठरवलं होतं.

तिसऱ्या सकाळी आप्पांना ती दिसली. दोन घरं पलीकडे कोष्ट्याचं माळवद होतं, तिथं कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. त्यांच्या आडोशाला ती बसली होती. आक्का दूध घेऊन शिडीनं वर गेल्या. मी खाली शिडी धरून उभा होतो. वरून त्यांचा आवाज येत होता, लहान लेकराशी बोलावं तसा. "ये माय, ये. कावून रागावलीस? मी काय केलं तुला?" बऱ्याच वेळानं त्या उतरल्या. म्हातारीनं वाडग्याला तोंड लावलं नव्हतं. आक्का जवळ सरकल्या की ती तेवढीच मागं सरकत होती. तीन दिवसांत तिच्या बरगड्या वर आल्या होत्या.

ओट्यावर येऊन आक्का खाली बसल्या आणि लाल गोटाची गादी त्यांनी उचलून नाकाशी नेली. मला वाटलं डोळे पुसतायत. त्या वास घेत होत्या.

"ह्यात काय भरलंस?"

"कातरण."

"ज्याच्यात ते पिल्लू निजतंय, ते?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कापड मी डोळ्यांनी बघत आलो, बोटांनी चाचपत आलो. कापडाला वास असतो, आणि तो वाचणारं कुणी घरात असतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आक्कांनी आठवडाभर फडक्यांनी जे बोटाबोटानं घडवत आणलं होतं, ते मी एका दुपारी तिच्या अंथरुणात ठासून भरलं होतं.

"तिला तिचं घर वळखू येईना झालंय," आक्का म्हणाल्या. "तिचं पोतं दे."

मग एकदम सगळं बाहेर पडलं. कापलं म्हणालो. अर्धं जाळलं म्हणालो. ठेवलंय म्हणालो ते भीतीनं. "आक्का, माझं चुकलं. तुम्ही बोलायची वाट नाही बघत. मी मशीन उचलतो आणि गावाकडे जातो."

"मशीन उचल मन्ले का मी?" आक्का चिडल्या. "पोतं दे मन्ले. राह्यलेलं अर्धं कुठंय?"

"मशीनच्या पायाखाली."

त्या पदर खोचून उठल्या. मग आत वळून ओरडल्या, "आवो, या भायेर. ह्याचं मशीन उचलायचंय."

आप्पांची कंबर धरलेली होती. तरी ते आले, धोतर खोचलं, मशीनच्या पायाला हात घातला. "काय बाई थाट," ते कण्हत म्हणाले. "लोकांची इस्टेट जमिनीखाली सापडती, आमच्या मांजरीची मशीनखाली." मशीन वीतभर वर आलं, मी खालून तुकडा ओढून काढला. तेलाचा एक डाग पडला होता, बाकी तस्साच होता, तिच्या पांढऱ्या केसांसकट.

आक्कांनी तो नाकाला लावला. डोळे मिटले. "हाय," त्या म्हणाल्या. "आजून हाय."

त्यांनी आतून एक वाकळ आणली. आमच्याकडे गोधडी म्हणतात, तिकडे वाकळ. जुन्या कपड्यांचे तुकडे एकावर एक घालून हातानं टाके घातलेली, जड. त्या एकेक तुकड्यावर हात ठेवून सांगत गेल्या. हे सासूबाईंचं लुगडं. हे आप्पांचं लग्नातलं उपरणं. हा माझ्या परकराचा काठ, नव्यानं आलते तवा सासूबाईनं मागून घेतलता. "घरात माणूस आलं की त्याचं येक जुनं ह्यात घालायचं. नवं घालत नसतेत. नव्याला कुनाचा वास असतो?" मग दाभणासारखी एक सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला. "तू ओव. मला दिसंना."

मी सुई हातात घेतली. किती वर्षांनी कुणीतरी मला नुसता दोरा ओवून मागत होतं. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि ओवून दिलं.

वाकळीच्या एका कोपऱ्यावर त्यांनी म्हातारीचं गोणपाट टाचलं. दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यावर पिल्लाचे गाल पुसायचं ते फडकं. मधे चार हात सासू, सून आणि आप्पा. मशीनवर दोन मिनिटांचं काम होतं, पण मी बोललो नाही. जाडेभरडे, लांब टाके मी बघत राहिलो. माझ्या वडिलांनी असे टाके पाहिले असते तर उसवून टाकायला लावले असते.

ती वाकळ आम्ही कोष्ट्याच्या माळवदावर, पेंढ्यांजवळ, गोणपाटाचा कोपरा म्हातारीकडे करून अंथरली आणि खाली आलो. कोष्टीण म्हणाली, "मांजरीला अंथरूण, अन् मला?" आक्का म्हणाल्या, "तुजं फाटकं लुगडं दे, तुलाबी घेते ह्याच्यात." पुढच्या सकाळी म्हातारी गोणपाटाच्या कोपऱ्यावर झोपलेली होती, नाक त्यात खुपसून. वाडगं चाटून पुसून रिकामं.

मग आक्कांनी पुन्हा आपली रीत सुरू केली. रोज ती वाकळ थोडी अलीकडे ओढायची. एक दिवस कोष्ट्याच्या माळवदाच्या कडेला, एक दिवस मधल्या घराच्या धाब्यावर, मग आमच्या माळवदावर, मग जिन्याच्या पायरीवर. म्हातारी वाकळीमागून यायची. मला या वेळी घाई नव्हती. आज किती हात, हेही मी मोजलं नाही. सहाव्या दिवशी वाकळ उंबऱ्याला लागली आणि म्हातारी तिच्यावर येऊन बसली. आक्कांनी पूजेहून उठून तिच्या कपाळाला विभूतीचं बोट लावलं. म्हातारीनं कपाळ झटकलं. म्हणजे सगळं ठीक होतं.

कोठीच्या खोलीचं दार त्यानंतर आठ दिवसांनी उघडलं, भर दुपारी, आक्कांनी स्वतः. पिल्लू बाहेर आलं, वाकळीच्या आपल्या टोकाला थांबलं, फडक्याचा वास घेतला. मग पोट जमिनीला टेकवून सरकत सरकत आप्पांच्या उपरण्यापर्यंत आलं. म्हातारी उठली. मी मशीनचं चाक घट्ट धरून बसलो होतो. म्हातारीनं पुढचा पाय उचलला आणि पिल्लाच्या टाळक्यात एक ठेवून दिली. नखं बाहेर नव्हती. पिल्लू तिथल्या तिथं आडवं पडलं. म्हातारी पुन्हा आपल्या कोपऱ्यावर जाऊन बसली आणि पाय चाटायला लागली.

"झालं," आप्पा दुकानातून म्हणाले. "दस्तूर झाला."

त्या दोघी काही मायलेकींसारख्या नांदल्या नाहीत. एकमेकींना चाटताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. वाकळीच्या दोन टोकांना, एकमेकींकडे पाठ करून बसायच्या. दूध एका वेळी प्यायच्या, वाडगी दोन. पावसाळ्याच्या तोंडाला पिल्लानं पहिला उंदीर धरला आणि आणून म्हातारीच्या गोणपाटापुढे ठेवला. आक्का ओट्यावरच होत्या. त्यांनी "शिव शिव" करत पदर तोंडावर ओढला आणि पदराआडूनच विचारलं, "घेतलं का तिनं? बग बरं, घेतलं का?" घेतलं होतं. दात नव्हते, तरी पंजाखाली धरून बसली होती.

त्याच दिवसांत एकदा आक्का वाकळ उलगडून बसल्या, सुई माझ्याकडे दिली, मी ओवून दिली. "सगळ्यांचं झालं," त्या म्हणाल्या. "कोष्टिणीचंबी झालं. तुजं येकट्याचं राह्यलं. येक जुनं दे."

माझ्याकडे जुनं म्हणून एकच होतं. वडिलांनी माझ्यासाठी शिवलेला सदरा, नजर पुरती जाण्याआधीचा शेवटचा. कोपरं फाटली होती. मी तो घालत नव्हतो आणि टाकतही नव्हतो. पेटीतून काढून दिला. आक्कांनी बाहीच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"ही कुनी शिवलीय? वाकडी गेलीय."

"वडिलांनी. तेव्हा त्यांना दिसेनासं होत आलं होतं."

त्यांनी कात्री घेतली. बाही तेवढी कापून घेतली, शिवण न उसवता तशीच, आणि स्वतःच्या परकराच्या काठाला लागून टाचली. बाकीचा सदरा मला परत दिला. लाल गोटाची गादी तेवढी कुणाच्याच कामाची उरली नव्हती. ती आप्पांनी कंबरेमागं घेतली, आणि गिऱ्हाईक आलं की सांगायचे, मांजरीनं नाकारलेली हाय, बसून बगा, नरम हाय.

त्या दिवशी संध्याकाळी आक्कांनी नेहमीसारखी एक भाकर वाढली. मी ती संपवली आणि ताटावरून उठलो नाही.

"काय रे?" त्या म्हणाल्या.

"आक्का, अजून एक वाढा," मी म्हणालो.